कोळी चावला तर काय करायचं? सोलापूरच्या घराघरांतून विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यात मी परिचारिका म्हणून बरीच वर्षं काम केलं, बहुतेक काळ ग्रामीण भागात. शहराच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमागाच्या शेडमधले कामगार, सांगोल्याचे डाळिंबवाले, करमाळ्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या अशा सगळ्यांनी मला कोळ्याबद्दल जे विचारलं, ते इथं उत्तरांसह लिहून ठेवते आहे. तुमच्या घरात आत्ताच कुणाला चावलं असेल आणि सगळं वाचायला वेळ नसेल, तर पहिली तीन उत्तरं वाचा. बाकीची नंतर.

आत्ता, या घडीला चावलंय. आधी काय करू?

माणसाला त्या जागेवरून बाजूला घ्या आणि खाली बसवा. चावलेली जागा साबण लावून पाण्यानं धुवा. आपल्याकडं नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, हे मला ठाऊक आहे. बॅरलमधलं साठवलेलं पाणी चालेल, पण दोन-तीन तांबे तरी सोडा, नुसतं ओलं फडकं फिरवू नका. कोळ्याच्या विषापेक्षा कातडीवरचे जंतू आत जाऊन होणारा त्रास जास्त वेळा दिसतो, आणि तो या धुण्यानं बराच टळतो.

हाताला चावलं असेल तर अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. पायाला असेल तर जोडवी आणि पैंजण काढा. हे लगेच करायचं, सूज यायची वाट बघायची नाही. सुजलेल्या बोटातलं जोडवं कापून काढताना बायकांना किती दुखतं, ते मी पाहिलंय.

मग गार शेक द्या. बर्फ असेल तर तो फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं ठेवायचा, दहा मिनिटं काढायचा, असं तासभर करायचं. बर्फ कातडीला थेट लावायचा नाही. फ्रिज नसेल तर माठातल्या पाण्यात पंचा भिजवून, पिळून ठेवा. तो गरम झाला की पुन्हा भिजवा. हात किंवा पाय उशीवर थोडा उंच ठेवा.

शेवटचं काम बॉलपेनचं. लाली जिथपर्यंत आहे तिथं कडेनं रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. दोन तासांनी लाली रेघेच्या आत आहे की बाहेर गेली, हे डोळ्यांना दिसतं. "वाढल्यासारखी वाटतेय का गं?" असं एकमेकींना विचारत बसावं लागत नाही. डॉक्टरांनाही त्या रेघेचा फार उपयोग होतो.

त्यानंतर माणसाला चोवीस तास नजरेसमोर ठेवा. पहिले सहा तास तर एकट्याला सोडूच नका.

कोणत्या लक्षणांवर घरी न थांबता थेट दवाखाना गाठायचा?

ओठ, जीभ किंवा डोळ्यांभोवती सूज, अंगभर गांधी, दम लागणं, घशात घरघर, चक्कर येऊन कोसळणं ही विषाची नव्हे, ॲलर्जीची लक्षणं आहेत, आणि ती काही मिनिटांत माणूस नेऊ शकतात. १०८ ला फोन करा. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर मात्र बसवून ठेवा. अशा वेळी मांडीत दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं. ते जवळच्या दवाखान्यात मिळेल तितक्या लवकर मिळायला हवं, म्हणून लांबच्या मोठ्या हॉस्पिटलच्या नादात जवळचा डॉक्टर ओलांडून जाऊ नका.

पोटात, पाठीत, मांड्यांत गोळे येणं, दरदरून घाम, उलट्या, छातीत धडधड, पापण्या जड होणं, गिळता न येणं, बोलणं जड होणं, लघवीत किंवा हिरड्यांतून रक्त, यांपैकी एक जरी दिसलं तरी निघा. चावा चेहऱ्यावर, मानेवर किंवा गुप्तांगावर असेल, किंवा लाली रेघेच्या बाहेर भराभर जात असेल, तरीही निघा.

कशानं चावलं तेच दिसलं नाही. रात्री काहीतरी चावलं, बहुतेक कोळीच असेल. मग?

मी हे सगळं खरं तर या एका प्रश्नासाठी लिहायला घेतलं. "बहुतेक कोळीच असेल" हे वाक्य मला आजही घाबरवतं.

ऑगस्टमधली पहाट होती. शेतातल्या वस्तीवरून अकरा वर्षांच्या मुलाला त्याची आई मोटरसायकलवर घेऊन आली. रात्री जमिनीवर वाकळ टाकून झोपला होता, झोपेत पायाला काहीतरी चावलं म्हणून उठला. आईनं बॅटरी मारली तर भिंतीवर कोळी दिसला. झालं, कोळी चावला असं ठरलं. आधी एका ठिकाणी दाखवलं, तिथं मलम लावून परत पाठवलं. पहाटे त्याचं पोट दुखायला लागलं, एक उलटी झाली. आमच्याकडं आला तेव्हा पायावर खूण अशी काहीच नव्हती. पण त्याला "वर बघ रे बाळा" म्हटलं, तर डोळे वर जायचे आणि पापण्या खालीच राहायच्या. तो मण्यार चावल्याचा रुग्ण होता. सर्पविषावरचं औषध सुरू केलं, पुढं नेताना ॲम्ब्युलन्समध्ये फुग्यानं श्वास द्यावा लागला, मग काही दिवस व्हेंटिलेटर. मुलगा वाचला. आई अजून सांगते, "मला तर कोळीच दिसला होता, सिस्टर."

कोळी दिसला होता हे खरंच होतं. भिंतीवर कोळी कुठल्या घरात नसतो? पण दिसला तो आणि चावला तो एकच असतो असं नाही. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, तिचे दात बारीक असतात, चावा बऱ्याचदा दुखत नाही, सुजत नाही आणि खूणही उरत नाही. पावसाळ्यात याचं प्रमाण जास्त. आषाढीला नातेपुते, माळशिरस, वेळापूरच्या मुक्कामांत उघड्यावर, राहुट्यांत झोपणाऱ्या वारकऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

म्हणून नियम साधा ठेवा. कोळी चावताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला असेल, तरच तो कोळी. नसेल, आणि माणूस जमिनीवर झोपला होता, शेतात होता, कडब्यात किंवा सरपणात हात घातला होता, तर तो साप समजूनच दवाखाना गाठायचा. चावलेला हात किंवा पाय हलवू द्यायचा नाही, चालत न्यायचं नाही. दवाखान्यात डॉक्टर कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि ते गोठतं का ते बघतात. घोणस आणि फुरसं यांच्या विषानं रक्त गोठत नाही, ते या साध्या तपासणीत कळतं. मण्यार आणि नाग यांचं विष मात्र नसांवर जातं, म्हणून त्यांच्यासाठी पापण्या, गिळणं, श्वास हे तासन् तास बघत राहावं लागतं. "रिपोर्ट चांगला आलाय, आता सोडा" असा आग्रह धरू नका.

दोन छिद्रं दिसली म्हणजे कोळी, असं म्हणतात ना?

उलट आहे. कोळ्याला दोन विषदंत असतात खरे, पण आपल्या घरातल्या कोळ्यांचे इतके बारीक की खूण सहसा दिसतच नाही. दोन ठळक, एकमेकांपासून अंतरावर असलेली छिद्रं दिसली तर आधी सापाचा विचार करा.

आपल्याकडचे कोळी खरंच विषारी असतात का?

जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना विष असतं, कारण त्यावरच ते किडा मारतात. पण ते विष माशी-डासाच्या मापाचं असतं, आणि बहुतेकांच्या दातांना आपली कातडी भेदताच येत नाही. कोळी माणसाच्या मागे लागून चावत नाही. शर्टाच्या बाहीत, चपलेत, अंथरुणाच्या घडीत तो चेंगरला की चावतो. चावला तर मुंगी किंवा मधमाशीसारखं दुखतं, थोडी लाली, थोडी खाज, आणि एक-दोन दिवसांत उतरतं.

सकाळी उठल्यावर अंगावर ओळीनं सात-आठ पुरळ दिसले, किंवा घरातल्या तिघांना एकाच रात्री आले, तर तो कोळी नाही. ढेकूण, मुंग्या, डास यांच्याकडं बघा. जनावरांच्या गोठ्यात काम करणाऱ्यांनी काखेत, जांघेत गोचीड चिकटलाय का तेही तपासावं.

भिंतीवर घड्याळामागून निघणारा तो मोठा चपटा कोळी?

तळहात व्यापेल एवढे पाय पसरलेला, चपटा, तपकिरी आणि पळायला भलता चपळ. तो जाळं विणत नाही, पळून शिकार करतो, झुरळंही खातो. मादीच्या पोटाखाली पांढऱ्या गोळीसारखी चपटी चकती दिसते, ती अंड्यांची पिशवी. लोक तिलाच "विषाची गाठ" समजतात. हातात धरलं तर तो चावू शकतो, दुखतंही चांगलंच, पण धुणं आणि गार शेक एवढ्यावर भागतं. छताच्या कोपऱ्यात काडीसारख्या लांब पायांवर थरथरणारा आणि खिडकीत टुणटुण उड्या मारणारा, हे दोघे तर अगदीच गरीब.

व्हॉट्सॲपवर सडलेल्या पायाचे फोटो येतात. तसला कोळी इथं आहे का?

ते फोटो बहुतेक अमेरिकेतल्या तपकिरी रिक्लूस कोळ्याच्या नावानं फिरतात. त्याची प्रजाती लोक्सोसेलिस. काळी, लाल खुणेची ब्लॅक विडो येते ती लॅट्रोडेक्टस या प्रजातीत. या दोन्ही प्रजातींतल्या काही जातींची भारतातून नोंद आहे, त्यामुळं "असं आपल्याकडं असूच शकत नाही" असं मी म्हणणार नाही. पण ते क्वचित भेटतात, आणि फोटोंतल्या बऱ्याच जखमा कोळ्याच्या नसतातच.

त्यांची चाल ओळखून ठेवा. विडोच्या चाव्याची खूण किरकोळ असते, पण अर्ध्या ते दोन तासांत दुखणं चावलेल्या जागेवरून अंगभर चढतं, पोट आणि पाठ कडक होते, घाम फुटतो, रक्तदाब वाढतो. लोक्सोसेलिसचं उलट: चावताना कळतही नाही, काही तासांनी जागा दुखायला लागते, मधे निळसर-काळपट, भोवती फिकट आणि त्याबाहेर लाल अशी वर्तुळं दिसतात आणि पुढच्या दिवसांत जखम खोल होते. यांतलं काहीही दिसलं तरी घरगुती उपाय तिथंच थांबवायचे आणि दवाखाना गाठायचा.

आणि तो मोठा, केसाळ?

जमिनीतल्या बिळात, झाडाच्या ढोलीत राहणारे केसाळ कोळी भारतात आहेत. झाडावर राहणारी पोइसिलोथेरिया ही प्रजाती तर फक्त भारत आणि श्रीलंकेतच सापडते. तिच्या चाव्यानं जीव जात नाही, पण स्नायूंत गोळे येतात, आणि ते कधी कधी काही दिवस त्रास देतात. म्हणून असा कोळी चावला तर डॉक्टरांना दाखवाच. तो अंगावर केस उडवतो हे मात्र अमेरिकेतल्या केसाळ कोळ्यांबद्दल खरं आहे, आपल्याकडच्या नाही. विहिरीच्या कपारीत किंवा बांधाच्या बिळात हात घालणाऱ्या पोरांना तेवढं आवरा.

सकाळी मानेवर लाल पट्टा, त्यावर फोड, आग होते. अंगावर कोळी मुतला म्हणतात. खरं का?

कोळी मुतून फोड येत नाहीत. पावसाळ्यानंतर ट्यूबलाइटभोवती जमणारा एक बारीक, लांबट किडा असतो. मुंगीएवढा, काळा आणि नारिंगी पट्ट्यांचा. त्याचं नाव पीडेरस. तो चावत नाही आणि डसतही नाही. पण झोपेत मानेवर चिरडला गेला की त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं रसायन कातडीला लागतं आणि एक-दोन दिवसांत भाजल्यासारखा पट्टा उठतो. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या घडीत असेल तर समोरासमोर दोन सारखे डाग उमटतात, म्हणजे ओळख पक्की.

असा किडा अंगावर दिसला तर मारू नका, फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर लगेच साबणानं धुवा, आणि तो हात डोळ्याला लावू नका. झोपताना दिवा बंद ठेवा. फोड आले असतील तर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, फोड फोडू नका, डोळ्याजवळ असतील तर डॉक्टरांकडं जा.

अशाच फोडांचा पट्टा छातीच्या किंवा पोटाच्या एकाच बाजूला आला आणि फोडांच्या आधी एक-दोन दिवस तिथं ठणकत असेल, तर ती नागीण, म्हणजे त्या नावाचा फोडांचा आजार, असू शकते. नागिणीवरचं औषध पहिल्या ७२ तासांत सुरू केलं तर उपयोग जास्त, म्हणून "कोळी फिरलाय, उतरेल" म्हणत ते तीन दिवस घालवू नका.

चुना, हळद, तंबाखू, रॉकेल, कांदा: काय लावलं तर चालेल?

काहीच नाही. चुना कातडी जाळतो. रॉकेलही. तंबाखूचा चोथा तोंडातून काढून जखमेवर लावणं म्हणजे थुंकीतले जंतू जखमेत भरणं. हळदीनं नुकसान कमी, पण लालीचा खरा रंग झाकला जातो आणि आमची बॉलपेनची रेघ वाया जाते. ब्लेडनं कापणं, तोंडानं चोखणं, तापलेल्या विळ्याचा चटका देणं हे सगळं मी पाहिलेलं आहे, आणि त्या जखमा मूळ चाव्यापेक्षा मोठ्या होत्या.

घरातली मोठी माणसं आधी देवळात किंवा जाणत्याकडं नेऊ म्हणतात. त्यांच्याशी भांडण्यात वेळ जातो, म्हणून मी एवढंच सांगायची: "आजी, अंगारा लावा, पण गाडीत बसल्यावर लावा."

वरच्या बाजूला घट्ट दोरी आवळायची का?

नाही. कोळी असो, विंचू असो की साप, आवळपट्टीनं रक्तपुरवठा तुटतो. सुतळीनं आवळलेलं बोट काळं पडलेलं पाहिलं की पुन्हा कुणी आवळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका कोळ्यासाठी दाबपट्टी बांधतात, ते व्हिडिओ बघून इथं तसं करू नका. हात झोळीत धरा, पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, तेवढं पुरे.

विंचू की कोळी हे कसं ओळखायचं?

विंचवाचा दंश क्षणात, विस्तव लागल्यासारखा कळतो. आपल्याकडचा लाल विंचू काळ्यापेक्षा लहान असतो, पण त्याचंच विष हृदयावर जातं. घामानं अंग चिंब, हातपाय गार, तोंडाला लाळ, उलटी, धडधड, दम. लहान मुलांत हे लवकर आणि जोरात होतं. अंग गार पडलं आणि दुखणं कमी झालं म्हणजे विंचू उतरला असं गावात समजतात. हाच गैरसमज घात करतो.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी लाल विंचवाच्या दंशावर किती उपयोगी पडते, ते कोकणातल्या रुग्णांवर काम करून दाखवून दिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आम्ही परिचारिका शिकत होतो तेव्हा विंचवाच्या दंशानं मूल गमावलेल्या आया ज्यांनी पाहिल्या होत्या, अशा बायका आम्हाला शिकवायला होत्या, त्यामुळं त्या गोळीचं मोल मला वेगळं सांगावं लागत नाही. विंचवावरचं प्रतिविषही आपल्या देशात तयार होतं. पण गोळी असो की प्रतिविष, रक्तदाब बघत दवाखान्यातच द्यायचं असतं, घरात आणून ठेवायचं नाही.

कोळ्यावरचं इंजेक्शन सिव्हिलमध्ये मिळतं का?

कोळ्याच्या विषावरचं वेगळं प्रतिविष आपल्याकडं वापरात नाही. सर्पविषावरचं जे औषध सरकारी रुग्णालयांत मोफत देतात, ते नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांसाठी असतं, कोळ्यासाठी त्याचा उपयोग नाही. कोळ्याच्या चाव्यावर उपचार होतात ते लक्षणांवर: दुखणं, गोळे, ॲलर्जी, जंतुसंसर्ग. तेवढे पुरतात.

धनुर्वाताचं इंजेक्शन मात्र विचारा. आधीचा डोस कधी घेतला ते आठवत नसेल तर तसं स्पष्ट सांगा.

मेडिकलमधून कोणती गोळी आणू?

दुखण्यासाठी मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी, गरज पडली तर सहा तासांनी दुसरी. यकृताचा आजार असेल तर आधी विचारा. लेकरांना वजनावर द्यायची असते, किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, आणि बाटलीवर पाच मिलिलिटरमध्ये किती औषध आहे ते वाचूनच, कारण १२० आणि २५० अशा दोन ताकदींच्या बाटल्या सारख्याच दिसतात. खाजेसाठी सेटिरिझिन चालते, तिनं झोप येऊ शकते, म्हणून ती घेऊन मागावर किंवा ट्रॅक्टरवर बसू नका.

कशानं चावलं ते माहीत नसेल तर ॲस्पिरिन, ब्रुफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नका. साप निघाला तर रक्तस्राव वाढू शकतो. आणि तीन-चार औषधं एकत्र घातलेली ती खाज-खरूज-गजकर्णाची ट्यूब जखमेवर लावू नका. तिच्यातल्या स्टेरॉइडनं लाली दबते आणि जंतू वाढत राहतात.

चार दिवस झाले, जागा गरम लागते, सूज वाढतेय, पू दिसतो. विष भिनलंय का?

विष नाही, जंतुसंसर्ग. कधी कधी तर तो पहिल्यापासून कोळ्याचा चावा नसतोच, साधं गळूच "कोळी चावला" म्हणून अंगावर काढलेलं असतं. लाल रेघ जांघेकडं किंवा काखेकडं चढत असेल, ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं जा. ज्यांना साखर आहे, त्यांनी चार दिवस थांबायचंच नाही. पायाला काही चावलं की दुसऱ्या दिवशी दाखवायचं, मग लाली बोटभर का असेना. ताप आहे आणि अंगावर कुठंतरी काळी, न दुखणारी खपली आहे, तर ती कपड्याखाली लपलेली असली तरी डॉक्टरांना दाखवा. गवतातल्या बारीक किड्यांमुळं होणारा एक ताप असाच ओळखतात, आणि वेळेत ओळखला तर त्यावर साध्या गोळ्यांनी उतार पडतो.

लेकराला चावलंय, नुसतं रडतंय. कसं कळणार?

कपडे पूर्ण काढून अंग बघा. काखा, मान, जांघ, बोटांच्या बेचक्या, केसांत. उजेडात बघा. रडं थांबत नाही, दूध ओढत नाही, लाळ गळते, घाम येतो, मान टाकतंय किंवा पोट कडक लागतं, तर कारण शोधत बसू नका, दवाखान्यात न्या. पाच वर्षांखालच्या मुलाला कशानं चावलं ते कुणी पाहिलं नसेल, तर लक्षणं नसली तरी एकदा दाखवून आणावं असं माझं मत आहे.

गरोदर बाई असेल तर?

प्रथमोपचार तेच. झोपवताना डाव्या कुशीवर. गोळी डॉक्टरांना विचारून. पोटात कळा आल्या तर त्या चाव्याच्या की बाळंतपणाच्या, हे घरी ठरवू नका.

कोळी पकडून न्यायचा का?

मोबाइलवर फोटो काढा, पुरतं. शेजारी काडेपेटी किंवा नाणं दिसलं तर आकार कळतो. मेलेला असेल तर डबीत घालून न्या. जिवंत पकडायच्या नादात दुसरा चावा आणि गेलेला वेळ, दोन्ही महागात पडतात.

चावूच नये म्हणून काय करायचं?

झाडून घ्यायची सवय लावा. गच्चीवर झोपायचं असेल तर चादर अंथरण्याआधी दोन्ही टोकं धरून झटका, सोलापुरी चादर जाड असते, तिच्या घडीत बरंच काही मावतं. चपला, बूट, गमबूट उलटे आपटून घाला. दोरीवर रात्रभर राहिलेले कपडे झटकून घाला. कडब्याच्या गंजीत, गोवऱ्यांच्या उडव्यात, विटांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीनं आवाज करा आणि हातमोजे घाला. यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या गाठोड्यांमागं महिनोन् महिने झाडू फिरत नाही, तिथं आठवड्यातून एकदा तरी फिरवा.

पण सगळ्यांत मोठा उपाय बाज आणि मच्छरदाणी. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचल्या की कोळी, विंचू, मण्यार, डास, सगळ्यांपासून एकदम बचाव. माळवदाच्या आणि पत्र्याच्या घरांत, शेतातल्या वस्तीवर, उसाच्या कोपीत जमिनीवर झोपणाऱ्या लेकरांसाठी मी या एका गोष्टीचा हट्ट धरत आले. बाज परवडत नसेल तर मच्छरदाणी तरी घ्या आणि कडा वाकळेखाली नीट दाबा.

मग घरातले कोळी मारूनच टाकले तर?

मारू नका. ज्या गावात पाणी साठवावं लागतं, त्या गावात डास असतात, आणि डास खाणारा हा फुकटचा पाहुणा आहे. निजायच्या जागेवरची, पाळण्यावरची जळमटं काढा. बाकी त्याला त्याच्या कोपऱ्यात राहू द्या. वाटेत आलाच तर त्याच्यावर पेला ठेवा, खालून पोस्टकार्डासारखा जाड कागद सरकवा आणि बाहेर सोडा.

आपल्या शहराला तर त्याचं नातं असायला हवं. मराठीत कोळी म्हणजे जाळं टाकणारा. पण पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत बोलतात त्या तेलुगूत कोळ्याला साले पुरुगू म्हणतात, आणि साले म्हणजे विणकर. कानडीतला जेड हा शब्दही विणकऱ्याला आणि कोळ्याला दोघांना लागतो. मागावरच्या एका बाईनं मला हे सांगितलं होतं, आणि तिच्या घरात कोळी मारत नव्हते.

कुठं न्यायचं, आणि तिथं काय सांगायचं?

श्वास, बोलणं, पापण्या किंवा शुद्ध यांत काही बिघाड असेल तर १०८. ही गाडी मोफत असते आणि तिच्यात डॉक्टर असतो. फोनवर गाव, तालुका, वस्तीची खूण, रुग्णाचं वय आणि "काहीतरी चावलंय, श्वास कसा आहे" एवढं आधी सांगा. वस्ती रस्त्यापासून आत असेल तर एकाला बॅटरी घेऊन फाट्यावर उभं करा, रात्री गाडी शोधण्यातच वेळ जातो. गाडीला उशीर लागणार असेल तर जीपमध्ये, रिक्षात, जे मिळेल त्यात निघा. तालुक्याच्या ठिकाणी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय असतं. शहरात वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाचं सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल.

दारात गेल्यावर "कोळी चावला" एवढ्यानं सुरुवात करू नका. ऐकणाऱ्याचं मन तिथंच बंद होतं, मी स्वतः अनुभवलंय. असं सांगा: "रात्री अडीचला झोपेत डाव्या पायाला काहीतरी चावलं. जमिनीवर झोपला होता. कशानं चावलं ते पाहिलं नाही, नंतर भिंतीवर कोळी दिसला. चार वाजता पोट दुखायला लागलं. एक पॅरासिटामॉल दिली आहे."